अठरावं वर्ष, एक अंगठा आणि सतरा हजार रुपये
(प्रकरण अभ्यास: बौद्धिक दिव्यांग तरुणाचं बंद पडलेलं अनुदान, पालकत्व आणि ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी)

ही घटना पश्चिम विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातली. काळ मार्च ते डिसेंबर २०२५. गाव, तालुका, माणसं ओळखू येतील असं काही इथे ठेवलेलं नाही. आमची छोटी संस्था त्या तालुक्यात दिव्यांग मुलांसोबत काम करते आणि यातल्या निम्म्या चुका आमच्याच आहेत.

पार्श्वभूमी

गाव दोन हजार वस्तीचं, जिल्ह्याच्या ठिकाणापासून पंचावन्न किलोमीटर. मुलगा ऑगस्ट २०२४ मध्ये अठरा वर्षांचा झाला. मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर ७५ टक्के, जोडीला फिट. गाव त्याला ‘भोया’ (भोळा) म्हणतं, आई ‘बाप्पू’. स्वतःच्या हातानं जेवतो, म्हशीमागे जातो, ओळखीच्या वाटेनं परत येतो. दहाची नोट आणि शंभरची नोट यांत त्याला रंगाचाच फरक कळतो.

वडील २०१६ मध्ये गेले. मोठी बहीण लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात. तीन एकर कोरडवाहू जमीन चुलत्यासोबत सामाईक. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलं तेव्हा तो लहान होता, म्हणून नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची पालनकर्ती आई, असा शेरा. ही तीन अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागतील. आई हंगामात वेचणीला जाते, किलोला दहा रुपये. सोयाबीनच्या सोंगणीला जाते. मुलगा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसतो.

आठवीपर्यंत तो जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा यायचे. आठवीनंतर शाळा संपली आणि ते येणंही. तरी घरात एक नियमित रक्कम येत होती. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, मुलाच्या अज्ञान खात्यात. खातं आईच्या सहीवर चालायचं.

अडचण

जानेवारी २०२५ पासून पैसे आले नाहीत. आईनं दोन महिने वाट पाहिली. सरकारी पैसा उशिरा येतो, त्यात नवल काही नसतं. मार्चअखेर ती आमच्याकडे आली तेव्हा हातात पासबुक होतं आणि तोंडात एकच वाक्य: “ब्यांकवाला म्हणते पोट्टा अठराचा झाला, आता तुही सही चालत नाही. माह्याच पोट्ट्यासाठी माही सही काऊन चालत नाही?”

आम्ही कागद पसरून पाहिले तेव्हा एका गाठीत चार गाठी निघाल्या.

पहिली बँकेची. मुलगा सज्ञान झाला की अज्ञान खातं थांबतं, त्याचं स्वतःचं खातं करावं लागतं. शाखेनं सांगितलं, तो सही करू शकत नाही आणि त्याला व्यवहार कळत नाही, तेव्हा कायदेशीर पालकाचं प्रमाणपत्र आणा.

दुसरी प्रमाणपत्राची. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लहानपणी मिळतं ते कायमचं नसतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते पाच, दहा आणि अठरा वर्षांच्या टप्प्यावर नवं करावं लागतं. अठराव्या वर्षी मिळालेलं मात्र आयुष्यभर चालतं. म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून हा मुलगा कागदावर दिव्यांग उरलाच नव्हता.

तिसरी आधारची. डिसेंबर २०२४ पासून निराधार योजनेचे पैसे डीबीटीनं (थेट लाभ हस्तांतरणानं), आधार जोडलेल्या खात्यातच येऊ लागले. पंधराव्या वर्षी करायचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनिंग कुणी केलंच नव्हतं.

चौथी गाठ मात्र आईनं सांगितली नाही. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंनी निघताना हळूच सांगितली. चुलते म्हणत होते की पोरगा आता सज्ञान झाला, तर अ.पा.क. कमी करून घेऊ आणि एकदा त्याचा अंगठा घेऊन हक्कसोड, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद, करून टाकू. “त्याले कुठं शेती जमते? मी पाहीन त्याले.” चुलत्यांच्या मनात काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. कदाचित खरंच सांभाळलं असतं.

त्या दिवशी मी माझ्या वहीत लिहिलेलं वाक्य असं आहे: बँक म्हणते याच्या अंगठ्याला किंमत नाही, चुलते म्हणतात आहे.

कायदा काय म्हणतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार करण्याचा इतरांसारखाच हक्क आहे. कलम १४ मध्ये ‘मर्यादित पालकत्व’ आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. दुसरीकडे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला पालक नेमून देते. हे पालकत्व जास्त रुंद आहे, देखभाल आणि मालमत्ता दोन्हींचं. तिसरा कायदा १८७२ चा भारतीय करार कायदा. ज्याला आपण काय करतो हे समजत नाही त्याचा करार टिकत नाही, असं तो सांगतो. बँकेची भीती या तिसऱ्यातून येते आणि ती अगदीच निराधार नाही.

पैशाच्या बाजूचंही तसंच. २०१६ च्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. प्रत्यक्षात जुलै २०२३ पासून निराधार योजनेत विधवेलाही १,५०० आणि दिव्यांगालाही १,५००. पंचवीस टक्के धरले तर १,८७५ व्हायला हवे होते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला, १,१४३ कोटींच्या तरतुदीसह. त्याचा आम्हालाही आनंद झाला होता. अनुदानाचा आकडा हलायला मात्र ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. त्या महिन्यापासून दिव्यांगांसाठी २,५००. त्याआधी जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीत बच्चू कडू उपोषणाला बसले होते, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिन्याला सहा हजार ही एक होती.

आणि गावपातळीवर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी. दिव्यांगांसाठीच्या आधीच्या, १९९५ च्या कायद्याच्या काळात तो तीन टक्के होता. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी जे काही जमेल त्याच्या पाच टक्के दिव्यांगांसाठी. ऐकायला भरघोस वाटतं.

कोणते पर्याय समोर होते

आमच्या टेबलावर तीन वाटा होत्या. एक, आधी पालकत्व, मग त्या प्रमाणपत्रावर बँक. दोन, पालकत्वाच्या फंदात न पडता अंगठ्यावर खातं उघडून देणारी शाखा शोधायची आणि जमिनीचं नंतर पाहायचं. तीन, कलम १४ चं मर्यादित पालकत्व, फक्त जमिनीपुरतं.

मला मनातून तिसरी वाट पटत होती. धुऱ्यावर बसून कोणती म्हैस आपली ते अचूक सांगणाऱ्या मुलाचे सगळेच निर्णय दुसऱ्याच्या हातात द्यावेत, हे पटत नव्हतं. पण तालुक्यात कुणालाच त्या वाटेनं गेलेली एकही फाइल माहीत नव्हती, आणि चुलते तारखेसाठी थांबणार नव्हते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसानं केलेली हक्कसोड न्यायालयात टिकणार नाही, हे वकील सांगतात. पण ती टिकत नाही हे सिद्ध करायला जी वर्षं लागतात ती आईनं कुठून आणायची?

म्हणून पहिली वाट धरली. एप्रिलमध्ये पालकत्वाची फाइल दाखल केली: आईचा अर्ज, बहिणीचं संमतीपत्र, वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा, दिव्यांग प्रमाणपत्र.

मेच्या मध्यात फाइल परत आली. प्रमाणपत्राची मुदत संपलेली. आम्हाला ते माहीत होतं, आम्हीच ते शोधून काढलं होतं, आणि तरी जुनंच जोडलं, कारण ‘अठरानंतर काय बदलतं, दिव्यांगत्व थोडंच गेलंय’ असं आम्हाला वाटलं. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “मला दिसतंय हो. पण मला कागद बघायचाय.” त्यांचं चुकलं नव्हतं.

ग्रामसभेतले सतरा हजार

दरम्यान १ मेची ग्रामसभा झाली. हा प्रसंग मी सविस्तर सांगते, कारण निधी म्हणजे नेमकं काय ते तिथे दिसलं.

ग्रामपंचायतीचं त्या वर्षीचं स्वउत्पन्न तीन लाख चाळीस हजार. पाच टक्के म्हणजे सतरा हजार. यादीत चौदा दिव्यांग. दरवर्षीची रीत अशी की भागाकार करायचा आणि ज्याच्या त्याच्या खात्यात टाकायचे. माणशी बाराशे चौदा रुपये. आमच्या मुलाचं नाव यादीत नव्हतं, प्रमाणपत्र संपलेलं म्हणून. आशाताईंनी सांगितलं, गावात असे आणखी चार जण आहेत. दोन मुली, एक सेरेब्रल पाल्सीचा पोरगा आणि एक चाळिशीतली बाई, जिचं प्रमाणपत्र कधी काढलंच गेलं नाही. पाचही जण न बोलणारे, किंवा बोललेलं लोकांना न कळणारे. यादीतल्या चौदांपैकी बारा जण अस्थिव्यंग किंवा दृष्टिदोषाचे. यात कुणाचा डाव नव्हता. ज्याला ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंत येऊन ‘माझं नाव लिहा’ म्हणता येतं त्याचं नाव लिहिलं गेलं होतं, बस.

आम्ही मागणी केली की यंदाच्या निधीतून या पाच जणांना जिल्ह्याला नेण्यासाठी एक गाडी करावी. ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच) लगेच म्हणाले, “कोणत्या शीर्षात टाकू? ऑडिटले काय सांगू?”

खरा विरोध मात्र वेगळीकडून आला. स्टँडवर पानटपरी चालवणारे एक काका, पोलिओनं एक पाय गेलेला, तालुक्यातल्या प्रत्येक दिव्यांग मोर्चात पुढे असणारे. ते कुबडी टेकत उभे राहिले. “हा पाच टक्के पैसा आमी भांडून आणला. पंचायत समितीसमोर उन्हात बसलो. तवा हे कोणी आलते काय? आता आमच्या हिश्शातून यायले गाडी काऊन?”

सभेत कुणी काही बोललं नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बाईमाणसानं शहराकडून येऊन त्यांना हक्काचं व्याख्यान देणं बरं दिसलं नसतं, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. आई मागच्या रांगेत होती. ती बसूनच म्हणाली, “भाऊ, मोर्चाले आली असती. याले कोणापाशी ठिवू?”

काका बराच वेळ खाली पाहत राहिले. मग ग्रामसेवकांकडे वळून विचारलं, “गाडीले किती लागन?” ट्रॅक्सवाला तिथेच उभा होता. जाणं-येणं, दिवसभर थांबणं मिळून छत्तीसशे म्हणाला. उरले तेरा हजार चारशे, भागिले चौदा, साडेनऊशेच्या वर. माणशी अडीचशे रुपये कमी. काकाच म्हणाले, “अडीचशे गेले तर मी काही मरत नाही. पण ठरावात लिवा, गाडी एकच डाव.”

तो ‘एकच डाव’ आम्हाला नंतर महागात पडला. त्या क्षणी मात्र आम्ही खुशीत होतो. ठरावात ‘दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वाहतूक व्यवस्था’ असं लिहून घेतलं आणि सहीशिक्क्यासकट प्रत त्याच दिवशी घेतली.

काय केलं, कोणत्या क्रमानं

जूनमध्ये आधार. केंद्रावर मुलानं मूठ आवळली ती सोडेना. यंत्राचा हिरवा दिवा पाहून त्याला सुई टोचतील असं वाटलं असावं. आईनं त्याच्या तळव्यावर बोट फिरवत ‘इथं इथं बस रे मोरा’ सुरू केलं, तसा तळवा उघडला. अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा. रांगेतली दोन पोरं हसली. चार बोटं, चार बोटं, दोन अंगठे. डोळ्यांच्या स्कॅनिंगला आणखी अर्धा तास गेला.

जुलैमध्ये ट्रॅक्सनं पाचही जण जिल्हा सामान्य रुग्णालयात. तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ ठरावीक वारीच बसतं, ते आम्ही विचारून ठेवलं होतं. बुद्ध्यांक तपासणारे मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी दुसरीकडे ड्यूटीवर असतील, हे विचारलं नव्हतं. तिघांची तपासणी झाली नाही, त्यांत आमचा मुलगाही. आणि ठरावात लिहिलेलं, गाडी एकच डाव.

पुढच्या आठवड्यात आई त्याला एसटीनं घेऊन गेली. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण त्याच्या दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाची मुदत संपलेली, कंडक्टरनं पूर्ण तिकीट घेतलं. आईला महिला म्हणून अर्धं तिकीट मिळालं. कार्ड चालू असतं तर सोबती म्हणूनही तिला अर्धीच सवलत होती. दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण सवलत होत नाही, हे तिनं स्वतःच हसत सांगितलं. ऑगस्टमध्ये नवं प्रमाणपत्र आलं: ७५ टक्के, कायमस्वरूपी. ८० किंवा त्याहून जास्त असतं तर कार्ड निळं मिळालं असतं, हे पिवळं आहे.

याच सुमारास एक गोष्ट सहज घडली. दुसऱ्या एका कामासाठी मी तालुक्याच्या वेगळ्या बँकेत बसले होते. तिथल्या शाखाधिकाऱ्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, “अंगठ्यावर खातं उघडतो की. दोन साक्षीदार, फोटो, आधार. चेकबुक देणार नाही, एटीएम देणार नाही, पैसे काढताना त्यानं स्वतः शाखेत यायचं.” सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खातं उघडलं, आधार जोडलं. पालकत्वाचा कागद कुणी मागितला नाही.

पालकत्वाची फाइल नव्या प्रमाणपत्रासह पुन्हा दाखल केली ती सप्टेंबरमध्येच. समितीची बैठक नोव्हेंबरमध्ये झाली. मुलाला समोर बोलावलं, ‘तुझं कोण बघतं’ विचारलं. त्यानं आईच्या पदराचं टोक धरून दाखवलं. डिसेंबरमध्ये आईच्या नावे पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं.

निष्पत्ती

ऑक्टोबरचं अनुदान नव्या दरानं, २,५०० रुपये, नव्या खात्यात जमा झालं. मागचे नऊ महिने अडकले होते, त्यांतले चार महिने नंतर आले. उरलेल्या पाचांचा अर्ज तहसील कार्यालयात आहे. साडेसात हजार रुपये, म्हणजे साडेसातशे किलो कापसाची वेचणी.

चुलत्यांना पालकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत आम्ही आईसोबत जाऊन दिली. हक्कसोडीचा विषय त्यानंतर निघाला नाही. बोलणं मात्र थोडं कमी झालं; त्याआधीच्या पोळ्याला मुलगा त्यांच्याच बैलाच्या पुढे होता. सातबाऱ्यावरचा अ.पा.क. शेरा अजून तसाच आहे. तो काढून तिथे नेमलेल्या पालकाचा उल्लेख कसा घ्यायचा, यावर तलाठी कार्यालय आणि आम्ही अजून पत्रं लिहितोय.

ग्रामपंचायतीच्या यादीत आता अठरा नावं आहेत. चाळिशीतल्या बाईंचं प्रमाणपत्र अजून बाकी.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी चूक ही की पैसे आणि जमीन हे दोन वेगळे प्रश्न आम्ही एकाच दोरीला बांधले. एका शाखेनं पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं आणि आम्ही तोच नियम समजून बसलो. त्याच आठवड्यात आधारचं काम उरकून दुसऱ्या शाखेत विचारलं असतं तर निदान खात्याची गाठ पावसाळ्याआधी सुटली असती. अंगठ्याच्या खात्यात एक धोका आहे, तो आजही आहे: गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर याच अंगठ्यानं कुणीही पैसे काढून घेऊ शकतो. त्यामुळे आई त्याला घेऊन शाखेतच जाते. पालकत्व मिळाल्यावर खातं तिच्या नियंत्रणात घ्यायचं का, यावर आमच्यात मतभेद झाले. मी नको म्हटलं. महिन्यातून एकदा तो बँकेत जातो, खुर्चीवर बसतो, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतो आणि नंतर तो सगळ्यांना दाखवतो. सहकारी म्हणतात, हा माझा भाबडेपणा आहे. असेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधार, मग प्रमाणपत्र, मग पालकत्व. आम्ही शेवटून सुरुवात केली.

तिसरी, ग्रामसभेची. काकांना सभेआधी टपरीवर जाऊन भेटायला हवं होतं. तालुक्यातला प्रत्येक दिव्यांग मोर्चा त्यांनी उभा केलेला आणि आम्ही त्यांना अजेंड्यातून माहिती दिली. तसं झालं असतं तर ‘एकच डाव’ कदाचित ठरावात आलं नसतं. २०२६ च्या २६ जानेवारीला आम्ही आधी गेलो. चहा झाला, दोन तास बोलणं झालं, त्यातलं दीड तास पेट्रोलच्या तीनचाकीवर. गाडीचा विषय त्यांनीच मांडला.

चौथी, आणि हिची मला जास्त टोचणी आहे. या मुलाचं अठरावं वर्ष अचानक आलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती, आमच्या जुन्या नोंदीत होती, विशेष शिक्षकांच्या वहीत होती. आता नऊ गावांतल्या सोळा वर्षांपुढच्या मुलांची यादी भिंतीवर लावली आहे, अकरा नावं, प्रत्येकापुढे अठरा पूर्ण होण्याचा महिना. पहिली मुलगी मे महिन्यात.

आईपुढे एक नवं काम आलंय. राष्ट्रीय न्यासाच्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. तिला लिहिता येत नाही, म्हणून शेजारची सातवीतली पोरगी शंभर पानी वहीत लिहून देते. परवा वही पाहिली. फिटच्या गोया ३१०. चप्पल २२०. एसटी ६५. सोयाबीन बियाण्यापुढे रक्कम मोकळी सोडलेली, कारण बियाणं चुलत्यांनी आणलं होतं आणि पैसे अजून मागितलेले नाहीत. ते कोणत्या रकान्यात लिहायचं, असं तिनं मला विचारलं.